घरोघरी नमुना

कसबेवाडी नावाच्या गावात एक बाई राहायला आल्या. शाळेतल्या बाई. फार शिकलेल्या, आणि तितक्याच भोळ्या.

नाव ऋजुता सरनाईक. चौथीपर्यंत याच गावात होत्या. मग वडिलांची बदली झाली आणि बाई लांब गेल्या, त्या थेट बंगळूरला. तिथं मुलांना कसं शिकवावं याचंच शिक्षण घेतलं. निरोपाच्या दिवशी तिथले प्राध्यापक म्हणाले, "गावात जाऊन शहाणपणा शिकवू नका. गाव काय सांगतं ते ऐका." बाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून त्या ऐकतच होत्या. कुणी काही सांगितलं की करायचं. अर्धवट नाही, पूर्ण करायचं.

बाईंना वाटलं होतं, गावातली मुलं म्हणजे गोष्टींची कोठारं. नुसतं "लिहा" म्हणायचा अवकाश, की वहीतून गुऱ्हाळाचा धूर निघेल, ओढ्याचं पाणी वाहील, म्हशी हंबरतील.

प्रत्यक्षात बाईंनी आठवीच्या वर्गाला 'माझी आई' हा निबंध घातला, तेव्हा सगळ्या वह्यांतून एकच आई निघाली. ती पहाटे पाचला उठायची. तुळशीला पाणी घालायची. दारात सुबक रांगोळी काढायची आणि मुलांना थोर पुरुषांच्या गोष्टी सांगायची. सलमा मुल्लाणीची आईसुद्धा तुळशीला पाणी घालत होती. ज्या पोराची आई रात्रपाळीला सूतगिरणीत जायची, तीही पहाटे पाचला प्रसन्न मुद्रेनं उठत होती.

"ही कुणाची आई आहे?" बाईंनी विचारलं.

"गाईडातली," वर्ग एका सुरात म्हणाला. "गायकवाड सर फळ्यावर लिवून द्यायचे. आमी पाठ करायचो."

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक म्हणजे चौगुले सर. चांगला माणूस. बशीत चहा ओतून फुंकत होते.

"सर, मुलांनी स्वतःचं लिहायला हवं!"

"हवंच की," सर म्हणाले. "पण बाई, एक ध्यानात घ्या. तुमची नेमणूक तात्पुरती. होळीच्या आधी विस्तार अधिकारी येतील. समोर बसवून आठवीला निबंध लिहायला लावतील. पोरांनी लिहिलं, तर पुढच्या वर्षी मराठी तुमच्याकडं. नाही लिहिलं, तर मराठीचे तास परत गायकवाड सरांकडं."

"आणि गाईड?"

"गाईड त्यांच्या पिशवीतच असतंय."

नोकरीचं एक असो, पण त्या प्रसन्न मुद्रेच्या आईकडं मुलं पुन्हा जाणार, हे त्यांना सोसवेना.

"मग मी करू काय, सर?"

"सोपं आहे. पोरांना नमुना लागतो. तुम्ही स्वतः एक निबंध लिहा. खराखुरा. तो द्या आणि म्हणा, हा बघून लिहा."

बाईंनी ऐकलं. बाईंनी घरी जाऊन निबंध लिहिला. खराखुरा. 'माझी आई बँकेत मॅनेजर आहे. तिला स्वयंपाक अजिबात येत नाही. ती चिडली की इंग्रजीत बोलते. पण रविवारी ती पेटी फार सुंदर वाजवते.' दुसऱ्या दिवशी बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, "हा बघून लिहा."

पोरांनी बघून लिहिला. काना-मात्रेसकट.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात आया जमल्या.

"कोण ती मास्तरीण? मला सैपाक येत न्हाई म्हणून लिवलंय माझ्या पोरानं! मग इतकी वर्सं ह्यास्नी खायला कोण घालतंय, शाळा?"

"आमच्या पोरीनं लिवलंय, आई इंग्रजीत चिडती. मी कवा चिडलो इंग्रजीत? मला मराठीच पुरतंय!"

"तुमचं बरं हाय गं," तिसरी म्हणाली. "आमचा मालक कालधरनं घर हुडकालाय. पेटी कुठं लपवलीयस म्हणतोय."

सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावल्यावर चौगुले सर वळले.

"काय केलंत हे, बाई?"

"तुम्ही सांगितलंत तेच, सर."

सरांनी कपाळ चोळलं. "अहो, नमुना दाखवायचा आणि काढून घ्यायचा! पाच मिनिटं पोरांच्या डोळ्यांपुढं ठेवायचा. मग पुसून टाकायचा. म्हणजे पोरं आपल्या डोक्यानं लिहितात."

हे बाईंना फार पटलं. पाच मिनिटं दाखवायचं, मग काढून घ्यायचं. किती साधं! त्यांनी ते मनात घट्ट धरून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात घटक चाचणी होती. बाईंनी प्रश्नपत्रिका वाटल्या. पाच मिनिटं झाली. बाई उठल्या आणि सगळ्या प्रश्नपत्रिका गोळा करून घेतल्या.

"बाई, आमी अजून वाचालोय!" वर्ग ओरडला.

"आता आपल्या डोक्यानं लिहा," बाई प्रेमानं म्हणाल्या.

पोरांनी डोक्यानं लिहिलं. प्रश्न होता, कवी झाडाशी काय बोलतो? एकानं लिहिलं, झाड कवीशी काय बोलतं. ते वाचायला बरं होतं, पण गुण देता येईनात. एकीनं उताऱ्यावरचे प्रश्न सोडवले, पण उतारा आठवेना म्हणून उताराही तिनंच रचला. आणि मागच्या बाकावरच्या सुशांत खोताला सगळ्या प्रश्नपत्रिकेतलं 'कोणतेही तीन लिहा' एवढंच आठवलं. त्यानं कोणतेही तीन लिहिले. बैल, टेम्पो, फणस.

"काय केलंत हे, बाई?"

"तुम्ही सांगितलंत तेच, सर. पाच मिनिटांनी काढून घेतलं."

चौगुले सरांच्या बशीतला चहा हिंदकळला. "अहो, प्रश्नपत्रिका कोण काढून घेतं? पोरांच्या हातात जे दिलं, ते घंटा होईपर्यंत हातात राहिलं पाहिजे! घंटा होईस्तोवर हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं, सर."

आणि खरंच कळलं होतं. घंटा होईपर्यंत पोरांच्या हातातलं काढायचं नाही. बाई हे वाक्य घरी जाताना वाटभर म्हणत गेल्या.

आता बाईंनी ठरवलं की मुलांना वर्गाबाहेर न्यायचं. जे डोळ्यांनी बघतील, नाकानं हुंगतील, तेच लिहितील. गावाच्या शिवेवर केरबातात्यांचं गुऱ्हाळ जोरात चाललं होतं. दुपारच्या सुट्टीनंतर बाई सगळी आठवी घेऊन तिकडं निघाल्या. विषय, 'गुऱ्हाळातला एक तास'.

आता त्या भागातली एक रीत सांगायला हवी. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. वाटसरू असो नाहीतर वैरी असो, रस प्यायला द्यायचा, काकवी द्यायची, ताजा गूळ हातावर ठेवायचा. आणि आलेला माणूस खातोय तोवर "आता पुरे" असं गुऱ्हाळवाल्यानं म्हणायचं नाही. म्हटलं तर गुळाला चव येत नाही म्हणतात. पुरे म्हणायचं ते खाणाऱ्यानं, नाहीतर त्याच्याबरोबरच्या मोठ्या माणसानं.

केरबातात्यांनी रीतीप्रमाणे उसाच्या पानावर प्रत्येकाला गरम गूळ दिला. पोरांनी खाल्ला. पानं पुढं केली. तात्यांनी पुन्हा दिला. पोरांनी पुन्हा खाल्ला. तात्यांनी बाईंकडं बघितलं. बाई हसल्या. चुलवाणावरच्या काहिलीत दुसरा रस चढला, मळी काढली, पाक झाला, गूळ निवायच्या वाफ्यात ओतला. पोरं वाफ्याभोवतीच बसली होती.

तात्या हळूच बाईंजवळ आले. "बाई, आज शाळा न्हाई व्हय?"

"आहे की. ही शाळाच चाललीय."

"मग सुटंल कवा?"

"घंटा झाली की."

तात्यांनी चौफेर नजर टाकली. चुलवाण होतं, चिपाडाची गंजी होती, बैल होते. "घंटा शाळंत हाय, बाई."

"हो," बाई म्हणाल्या.

तात्यांनी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याकडं बघितलं. गुळव्यानं आभाळाकडं बघितलं. सुशांत खोतानं पान पुढं केलं.

दिवस कलला तेव्हा पोरांना हुडकत शाळेचा शिपाई दत्तूमामा सायकलवरून आला. त्यानं बाईंना परत चलायला सांगितलं. बाईंनी घंटेचं सांगितलं. दत्तूमामा सायकल वळवून शाळेत गेला, पितळी घंटा सोडवली, कॅरिअरला बांधून आणली आणि गुऱ्हाळाच्या दारात टण टण वाजवली.

"शाळा सुटली," बाई म्हणाल्या. "आता हात धुवा."

तोवर एक अख्खी ढेप आणि वर अर्धी, पोटात गेली होती. दुसऱ्या दिवशी आठवीचा वर्ग रिकामा होता. का रिकामा होता ते विचारू नये. गावातल्या संडासांची दारं दिवसभर वाजत होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

"काय केलंत हे, बाई?"

"तुम्ही सांगितलंत तेच, सर. घंटा होईपर्यंत पोरांच्या हातातलं..."

"बास!" चौगुले सर उभेच राहिले. त्यांचा धाकटा आठवीतच होता. रात्री त्यांनाही झोप नव्हती. "बाई, पोरगं आपणहून कधी थांबतं का? मोठ्या माणसानं थांबवायचं असतं! दोन झाले की थांब म्हणायचं. तिसऱ्याला हात घालू द्यायचा नाही. दोन झाले, की थांब!"

"दोन झाले की थांब," बाईंनी म्हटलं.

"पुन्हा म्हणा."

"दोन झाले की थांब."

"आता हे विसरू नका."

बाई कशाला विसरतात!

आणि मग तो दिवस उजाडला. विस्तार अधिकारी इंगवले साहेब आले. साहेब जाडजूड, मिशीवाले, पण मनानं हळवे. चुना लावलेल्या दगडांमधून चालत आठवीच्या वर्गात आले आणि खुर्चीत बसले. मागच्या दारात चौगुले सर उभे होते. खिडकीबाहेर गायकवाड सर उभे होते. गायकवाड सरांच्या खांद्याला पिशवी होती.

साहेबांनी विषय दिला, 'माझ्या घरातलं एक माणूस'.

आणि काय सांगावं! पोरांनी वह्या उघडल्या आणि कुणीही तुळशीकडं गेलं नाही. नमुना फळ्यावर नव्हता, गाईड हातात नव्हतं, आणि इतक्या दिवसांच्या गोंधळात पाठ केलेलं सगळं धुऊन गेलं होतं. पोरं खरंच आपल्या डोक्यानं लिहायला लागली. बाई बाकांमधून फिरत होत्या. त्यांनी सुशांतच्या वहीत डोकावलं. त्यानं लिहिलं होतं, 'माझा काका ट्रॅक्टर चालवतो. त्याला रिव्हर्स जमत नाही.'

बाईंचे डोळे भरून आले. असलं वाक्य त्यांना बंगळूरला असल्यापासून वाचायचं होतं. सुशांतनं तिसरं वाक्य लिहायला पेन टेकवलं. 'म्हणून एकदा तो...'

दोन झाली होती.

"थांब," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"दोन झाली. थांब."

सुशांतनं 'म्हणून एकदा तो' खोडलं आणि पेन खाली ठेवलं.

बाई पुढच्या बाकाकडं गेल्या. सलमानं लिहिलं होतं, 'माझे अब्बा बांगड्या भरतात. बाईचा हात हातात घेतला की ते आधी तिच्या माहेरची चौकशी करतात.' "थांब." पलीकडच्या पोरानं लिहिलं होतं, 'आमची आत्या रुसली की चुलीला पाठ लावून बसते. काल तिचा पदर जळला.' "थांब." बाई बाकांमागून बाक फिरल्या. वर्गात एकेक पेन खाली पडत गेलं. दारातल्या चौगुले सरांनी दोन्ही हातांनी खुणा केल्या. बाईंना वाटलं, सर शाबासकी देतायत.

एकच पेन थांबलं नाही. प्रणाली सुतारचं.

"थांब, प्रणाली. दोन झाली."

"माझं झालं न्हाई, बाई."

"दोन झाली की थांबायचं असतं."

"कुणी सांगितलं? साहेबांनी? मग साहेबांनी म्हणू दे की. माझी आजी म्हणती, बोलणं मधी तोडणाऱ्याच्या तोंडात..."

"लिही, लिही," साहेब घाईघाईनं म्हणाले.

प्रणाली दोन पानं लिहून थांबली. साहेबांनी सगळ्यांच्या वह्या चाळल्या, मग प्रणालीची हातात घेतली आणि मोठ्यानं वाचू लागले.

'माझी आजी चंपाक्का. ती उठली की पहिल्यांदा कोंबड्याला शिवी देते, कारण तो तिच्याआधी उठतो. मग ती नळावर जाते. नळावर भांडण नसलं तर ती घरातून घेऊन जाते. माझे आजोबा तिला भिऊन मेले असं लोक म्हणतात, पण ते तापानं मेले. एकदा तिनं सरपंचांना हाताला धरून गटारात उभं केलं आणि विचारलं, कसं वाटतंय? त्या दिवसापासून आमच्या आळीचं गटार रोज काढतात. तिनं केलेल्या भाकरीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर तो गावात राहत नाही. रात्री ती माझ्या केसांना तेल लावते. तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक होतो. तो आवाज गावात कुणीच ऐकलेला नाही. तो फक्त मला माहीत आहे.'

साहेब हसले. मग रुमाल काढून त्यांनी मिशी पुसली, आणि जाता जाता डोळेही पुसले.

"बाई," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत असा निबंध वाचला नव्हता. पण बाकीच्यांचं काय? दोन-दोन ओळी! हा काका रिव्हर्स घेताना पुढं काय झालं?"

"तिथं थांबवलं, साहेब."

साहेबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "हे बघा. ही पोरगी लिहू शकली, कारण हिच्यापुढं जिवंत नमुना आहे. पुस्तकातला नव्हे, घरातला! असा जिवंत नमुना घरोघरी पोचवा, बाई. मग बघा पोरं कशी लिहितात. वार्षिक परीक्षेआधी मी परत येतो. प्रत्येकाची दोन पानं पाहिजेत. झाली, तर तुम्ही कायम. नाही झाली, तर..." त्यांनी खिडकीकडं बघितलं. गायकवाड सरांनी पिशवी सावरली.

बाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. अंगणात येरझाऱ्या घालत राहिल्या. निबंध फळ्यावर लिहून द्यावा, तर आया येतील. दाखवून पुसावा, तर पोरं बैल-टेम्पो-फणस लिहितील. साहेबांनी निबंध पोचवा म्हटलंच नव्हतं. साहेब म्हणाले होते, नमुना. जिवंत. घरोघरी.

बाई थबकल्या. मग पोटभर जेवल्या आणि निवांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच बाई नळावर गेल्या. चंपाक्का तिथं होती. तिच्याभोवती बरीच जागा मोकळी होती.

"काय गं मास्तरणी, कळशी न्हाई काय न्हाई, नळावर काय वास घ्यायला आलीस?"

"आक्का, मी तुमच्याकडंच आले. तुम्ही नमुना आहात."

नळावरच्या बायका दोन पावलं मागं सरल्या.

"कुणाला नमुना म्हणतीस?" चंपाक्कानं पदर खोचला. "तुझा बा नमुना! तुझी शाळा नमुना! तुझा त्यो चहा फुंकणारा हेडमास्तर..."

"साहेब म्हणाले, आक्का. मोठे साहेब. म्हणाले, असं माणूस आठवीच्या प्रत्येक पोराच्या घरी पोचलं पाहिजे. तुमच्यावरचा निबंध ऐकून त्यांचे डोळे भरून आले."

चंपाक्का गप्प झाली. नळावरच्या म्हाताऱ्या सांगतात, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"म्हंजे मी काय करायचं?"

"एकेका घरी जाऊन राहायचं. तिथंच जेवायचं. पोरं तुमच्याकडं बघतील आणि लिहितील."

"आन् बोलायचं काय?"

"तुमच्या मनाला येईल ते."

"सगळं?"

"सगळं. काही राखून ठेवू नका. मुलांचं नुकसान होईल."

चंपाक्कानं कळशी खाली ठेवली. "पूर्वी पोरं वार लावून जेवायची," ती सावकाश म्हणाली. "आता म्हातारी वारानं जेवणार म्हण की. त्या खोताच्या सुनंच्या घरात मला कवाधरनं जायाचंच हुतं. पाटलाच्या चुलीवर तर माझं लई बोलणं शिल्लक हाय." ती घरी गेली आणि परत आली तेव्हा तिच्या काखेत गाठोडं होतं, हातात काठी होती आणि चेहऱ्यावर, ज्यांनी बघितला ते सांगतात, साक्षात प्रसन्न मुद्रा होती.

नळ मोकळा झाला. बायका कळश्या अर्ध्याच भरून पळाल्या आणि आळीत एकेक कडी लागल्याचे आवाज येऊ लागले.

"चल," चंपाक्का म्हणाली. "पयलं घर कुणाचं?"

बाईंनी क्षणभर विचार केला. त्या गावात आल्यापासून जे काही शिकल्या, ते एकाच माणसाकडून शिकल्या होत्या. त्या माणसाचा धाकटाही आठवीतच होता. मग बाईंनी ठरवलं. पहिला मान चौगुले सरांचा. आणि बाकीच्यांकडं आक्का एकेक दिवस राहतील खऱ्या, पण गुरूच्या घरी एका दिवसात काय होतं? तिथं आठवडाभर तरी राहू दे.